वाजणारा बर्फ आणि चिकटणारा पाऊस

२०२५ चा गुढीपाडवा ३० मार्चला, रविवारी होता. त्याआधीच्या शुक्रवारपासून त्या रविवारपर्यंत उत्तर मिशिगनमधील गेलॉर्ड आणि अल्पिना या गावांच्या परिसरात, तसेच ह्युरॉन सरोवराच्या पलीकडे ऑन्टारियो प्रांतातील ऑरिलिया व पीटरबरोच्या बाजूला, पाऊस पडत राहिला आणि जिथे पडला तिथेच गोठत राहिला. लाखो घरांची वीज गेली, काही आडबाजूच्या वस्त्यांमध्ये ती परतायला आठवडे लागले, आणि मिशिगनच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या अंदाजानुसार सुमारे ३० लाख एकरांवरील वनांना याची झळ पोहोचली.

अशा दिवसांत टोरोंटो किंवा डेट्रॉइटहून घरी फोन लागला की ‘इकडे गारा पडताहेत’ हे वाक्य हमखास ऐकू येते. खिडकीवर काहीतरी कडक, पांढरे आपटत असेल तर मराठी माणसाच्या तोंडी दुसरा शब्द येणार तरी कुठून? मात्र तिकडच्या हवामानवृत्तात जिला स्लीट (बर्फाचे बारीक दाणे) म्हणतात ती गार नव्हे, आणि ज्याला फ्रीझिंग रेन (टेकताच गोठणारा पाऊस) म्हणतात तो दिसायला नुसता पाऊस असला तरी साधा पाऊस नव्हे. मराठीत पहिल्या प्रकाराला उगाच भीतीदायक नाव मिळते आणि दुसऱ्याला उगाच निरुपद्रवी. खरा धोका नेमका उलट्या बाजूला असतो.

गारेचा मुद्दा आधी संपवू. गार उंच गडगडाटी ढगात, वर चढणाऱ्या जोरदार वाऱ्याच्या आधाराने, थरावर थर चढून मोठी होते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात झालेल्या गारपिटीने द्राक्षे, डाळिंबे, गहू आणि हरभरा झोडपला, तो हा प्रकार. स्लीटला गडगडाटी ढग लागत नाही. तिचे दाणे सहसा पाच मिलिमीटरपेक्षा लहान असतात, म्हणजे साबुदाण्याएवढेच, आणि परातीत कोरडा साबुदाणा ओतावा तसाच त्यांचा आवाज होतो. नावांचा घोळ इंग्रजीतही आहे: ब्रिटिश वळणाच्या शब्दकोशांवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना स्लीट म्हणजे पाऊस आणि हिम यांची सरमिसळ वाटते, अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ बर्फाचे दाणे असा होतो, तर कॅनडाच्या हवामानखात्याने तो वाद टाळून सरळ ‘आइस पेलेट्स’ हा शब्द घेतला आहे. त्यामुळे सरोवराच्या एका काठावरचा अंदाज दुसऱ्या काठावर वाचताना शब्द बदलतो, वस्तू तीच राहते.

स्लीट आणि फ्रीझिंग रेन यांचा उगम बहुतेक वेळा एकच असतो. उंचावर हिम तयार होते. खाली येताना ते मेक्सिकोच्या आखाताकडून आलेल्या उबदार, दमट हवेच्या थरातून जाते आणि वितळते. त्यानंतर त्याला जमिनीलगत साचलेली, शून्य अंशाखालची थंड हवा लागते. वर ऊब आणि खाली गारठा, अशी ही भूगोलाच्या पुस्तकात शिकलेली तापमानाची विपरीतता. आता सारे या खालच्या थराच्या जाडीवर अवलंबून असते. थर जाड असेल तर थेंबाला पुन्हा गोठायला वेळ मिळतो आणि जमिनीवर दाणा येऊन उडी मारतो. थर पातळ, केवळ काहीशे मीटरचा असेल तर थेंब शून्याखाली जाऊनही द्रवच राहतो, कारण गोठायला सुरुवात करून देणारा बर्फाचा कणच त्याच्यात उरलेला नसतो. असा थेंब फांदीला, तारेला किंवा रस्त्याला टेकताक्षणी पसरतो आणि गोठतो. वरचा उबदार थर कमकुवत असेल तर हिम अर्धवटच वितळते, आत बर्फाचा गाभा शिल्लक राहतो, आणि मग तुलनेने पातळ थंड थरातही दाणा तयार होतो. म्हणजे वर एखाद्या अंशाचा फरक पडला तरी खाली वेगळीच वस्तू पडते.

वसंतात हे सरोवरांच्या काठी जास्त का त्रास देते, याचे उत्तर पाण्यात आहे. डिसेंबरमध्ये सरोवरांत उन्हाळ्याची ऊब शिल्लक असते, म्हणून काठावरच्या हवेचे तापमान ती थोडे वाढवते आणि पुष्कळदा काठाला साधा पाऊसच मिळतो. मार्चअखेर ती ऊब संपलेली असते, पाणी गोठणबिंदूच्या जेमतेम वर असते, उथळ उपसागरांत बर्फ तरंगत असतो. उत्तर ऑन्टारियो आणि क्वेबेककडून ईशान्य वाऱ्यावर येणारी कोरडी थंड हवा अशा पाण्यावरून फारशी न तापता काठावर पोहोचते. हा पुरवठा महत्त्वाचा आहे, कारण पाणी गोठताना अप्रकट उष्मा बाहेर टाकते. नवी थंड हवा आली नाही, तर फ्रीझिंग रेन स्वतःच जमिनीलगतची हवा शून्यावर आणून काही तासांत साध्या पावसात बदलतो. वारा ईशान्येचाच राहिला, तर तो बदलत नाही.

स्लीट निरुपद्रवी आहे असे नाही. २०१८ च्या एप्रिलच्या मध्यावर टोरोंटोत दोन्ही प्रकार मिसळून पडले. रस्त्यांवर दाण्यांचा राखाडी रगडा साचला आणि नंतर तो थिजून दगडासारखा झाला. तरीही दाणा एक उपकार करतो: तो चिकटत नाही. फांदीवरून तो घरंगळतो, तारेवर ठरत नाही आणि ताजा असेपर्यंत फावड्याने सहज ओढता येतो. त्याच वादळात तिथल्या उंच सीएन टॉवरवर मात्र बर्फाचा थर धरला, त्याचे तुकडे शेजारच्या रॉजर्स सेंटर या स्टेडियमच्या छतावर कोसळून छताला भोक पडले, आणि १६ एप्रिलचा बेसबॉल सामना पुढे ढकलावा लागला.

चिकटण्याचा हिशेब घरबसल्या करून पाहता येतो. एक सेंटीमीटर व्यासाच्या तारेभोवती सगळीकडून १२ मिलिमीटर बर्फ धरला, तर दर मीटरला सुमारे पाऊण किलो भार वाढतो. दोन खांबांमधले अंतर ५० मीटर असेल तर ३८ किलो. एवढे वजन कदाचित तार सोसेलही, पण बर्फाने तिची जाडी तिपटीहून अधिक झालेली असते आणि वारा त्या वाढलेल्या जाडीवर आदळतो. शेजारचे झाड त्याच अवस्थेत तिच्यावर टेकलेले असते ते वेगळेच. म्हणूनच अमेरिकेच्या हवामानखात्याने या प्रदेशाच्या बऱ्याच भागात ‘आइस स्टॉर्म वॉर्निंग’ या इशाऱ्यासाठी पाव इंच, म्हणजे सुमारे सहा मिलिमीटर, बर्फाच्या थराचा उंबरठा ठेवला आहे. स्लीटचे सहा मिलिमीटर कुणाच्या लक्षातही राहणार नाहीत.

धोका पाऊस थांबल्यावरही संपत नाही. मार्च २०२५ च्या वादळानंतर मिशिगनमधला मॅकिनॅक पूल बर्फामुळे नव्हे तर बर्फ वितळू लागल्यामुळे बंद ठेवावा लागला: मनोऱ्यांवरून आणि केबलांवरून सुटणारे तुकडे खालच्या गाड्यांवर पडत होते. वीज नसताना गॅरेजमध्ये जनरेटर लावणे हा दुसरा, घरातलाच धोका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि गॅरेजचे दार उघडे ठेवल्याने काम भागत नाही. जनरेटर घराबाहेर, खिडक्यांपासून दूरच हवा.

रस्त्यावर दोन्ही ओळखण्याची रीत वेगळी आहे. स्लीट डोळ्यांना दिसते आणि चाकांखाली करकरते, त्यामुळे चालक आपसूक सावध होतो. फ्रीझिंग रेनमध्ये रस्ता फक्त ओला दिसतो. पुढच्या गाडीच्या चाकांमागे पाण्याचे तुषार उडत असतील तर ते पाणी आहे. रस्ता ओला दिसूनही तुषार उडत नसतील तर तो बर्फ आहे. पुलांवर हे आधी घडते, कारण त्यांना खालूनही थंड हवा लागते. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाचा भरवसा धरू नये, सततचा पाऊस ते वाहून नेतो.

अंदाज सांगणाऱ्यांपाशी वरच्या हवेचा उभा छेद, म्हणजे कोणत्या उंचीवर किती तापमान आहे याची नोंद, असते. फुग्याला बांधलेले उपकरण गेलॉर्डच्या हवामान कार्यालयातूनही आकाशात सोडले जाते. घरात बसलेल्या माणसापाशी कान असतो. खिडकीवरची तडतड थांबली आणि तरी दिव्याच्या उजेडात थेंब पडताना दिसत असतील, तर वरची ऊब वाढली आहे किंवा खालचा थंड थर पातळ झाला आहे. अशा वेळी दार उघडून पायरीवर पाऊल टाकण्याआधी कठडा हाताने चाचपावा: बोटे ओली झाली तर साधा पाऊस, बोटे घसरली तर गाडीची किल्ली परत खुंटीला लावावी आणि फोन चार्जिंगला.