वीज अंगावर घेणारा अल्मेंद्रो

कोकणात माडावर वीज पडली की तो माड गेला, असंच धरून चालतात. पनामाच्या वर्षावनात मात्र एक वृक्ष असा आहे की वीज पडल्यावर त्याची भरभराट होते. तिथले लोक त्याला अल्मेंद्रो म्हणतात. शास्त्रीय नाव डिप्टेरिक्स ओलेइफेरा. कूळ शेंगावाल्या झाडांचं, म्हणजे आपल्या पळस-पांगाऱ्याचा हा दूरचा नातलग. उंची ४० मीटरच्या वर जाते, लाकूड विलक्षण कठीण, आणि शेंगेत बी एकच.

पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवली तेव्हा धरणाच्या पाण्यात एका टेकडीचं बेट झालं, बारो कोलोराडो. स्मिथसोनियन संस्थेचं संशोधन तिथे अनेक दशकं चालू आहे. तिथेच इव्हान गोरा आणि सहकाऱ्यांनी विजेचा माग काढला. हे काम दिसतं त्याहून अवघड आहे. दमट जंगलात वीज पडलेलं झाड बहुधा जळत नाही, त्यावर खूणही राहत नाही. ते काही महिन्यांनी वाळत जातं आणि कारण कुणाला कळत नाही. म्हणून कॅमेरे आणि विद्युतक्षेत्र मोजणारे संवेदक लावून वीज नेमकी कुठे पडली ते आधी शोधावं लागलं, मग त्या झाडांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं.

२०२५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वीज पडलेल्या ९३ झाडांपैकी ९ अल्मेंद्रो होते, आणि ते नऊही जगले. इतर जातींची ६४ टक्के झाडं दोन वर्षांत मेली.

निव्वळ तग धरणं एवढ्यावर हे थांबत नाही, आणि मला खरं आश्चर्य पुढच्या भागाचं वाटतं. वर्षावनात उन्हासाठी जीवघेणी चढाओढ असते. जाडजूड काष्ठवेली मोठ्या झाडांवर चढून त्यांचा माथा झाकतात, शेजारी फांद्या घुसवतात. वीज अल्मेंद्रोवर उतरते तेव्हा वेलींमधून आणि जवळच्या फांद्यांमधून ती शेजाऱ्यांतही शिरते. त्याच्यावरच्या वेली ७८ टक्क्यांनी घटल्या आणि एका विजेमागे सरासरी ९ शेजारी झाडं मेली. अल्मेंद्रोला मोकळं ऊन मिळालं. संशोधकांच्या हिशोबाने, वीज सोसण्याच्या या ताकदीमुळे त्याचं बीजोत्पादन १४ पटींनी वाढतं.

आणि हा प्रसंग विरळा नाही. उंच, पसरट माथ्यामुळे अल्मेंद्रोवर वीज पडण्याची शक्यताच जास्त. शेकडो वर्षांच्या हयातीत एकेका झाडावर ती किमान पाच वेळा पडत असावी, असा अंदाज आहे. तो वाचतो कसा? त्याच्या लाकडातून प्रवाह सहज वाहून जात असावा आणि घातक उष्णता साठत नसावी, असं संशोधकांना वाटतं.

याचा लाभ एकट्या अल्मेंद्रोला होत नाही. त्याची फळं पिकतात ती कोरड्या ऋतूत, जंगलात इतर फळांची टंचाई असताना. वटवाघळं ती उचलून नेतात, आणि अगौटी नावाचे मोठे कृंतक प्राणी त्यांच्या बिया पुढच्या दिवसांसाठी जमिनीत पुरून ठेवतात. विसरलेल्या, उकरायच्या राहिलेल्या बियांतून नवे अल्मेंद्रो उगवतात.