चौथा पाय कुठं गेला? घरातल्या ट्रायपॉडची पार्श्वभूमी

परभणीला मावशीकडं ट्रायपॉड घेऊन गेलो तेव्हा तिनं तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "तीनच पाय कसे रे ह्याला? चौथा दुकानदारानं ठिवून घेतला का?" तिला धपाट्यांचा व्हिडिओ करायचा होता. तिच्या प्रश्नाचं उत्तर तिच्याच घरात होतं. चार पायांच्या घडवंचीखाली कागदाची घडी सारलेली, आणि त्याच उखणलेल्या शहाबादी फरशीवर देवाजवळची तिवई निमूट उभी. तीन टेकू जमिनीला टेकतातच. चौथा आला की एखादा अधांतरी राहतो. चुलीचे दगडही तीनच मांडतात.

कॅमेऱ्याला तिवई लागली ती त्याच्या मंदपणामुळं. 1839 साली डागेर या फ्रेंच माणसाची फोटो काढण्याची पद्धत जाहीर झाली तेव्हा एका चित्रासाठी कित्येक मिनिटं उजेड आत घ्यावा लागे. एवढा वेळ हात कसा स्थिर राहणार? जमीन मोजणारे लोक थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, तीन पायांवर ठेवतच होते, तीच सोय छायाचित्रकारांनी उचलली.

हे ओझं मराठवाड्यात लवकर आलं. अजिंठ्यातल्या चित्रांच्या नकला करण्यासाठी 1844 साली रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याची नेमणूक झाली. त्यानं वर्षानुवर्षं खपून केलेल्या नकलांपैकी बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. सुदैवानं तो छायाचित्रंही काढत असे, आणि त्यातली काही 1864 सालीच पुस्तकात छापून आली होती. तो काळ ओल्या काचेचा. काचेला रसायन लावायचं, ती सुकायच्या आत चित्र घ्यायचं आणि लगेच धुवायचं. लेण्यांपुढच्या वाघूर नदीच्या घळीत उतरायचं म्हणजे काचा, बाटल्या, पेटीएवढा कॅमेरा, वर लाकडी पाय. आपण पाठीवरच्या पिशवीत दीड किलो झालं की कुरकुरतो! पुढं हैदराबादच्या सहाव्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी वेरूळ, दौलताबाद टिपलं, तेही काचांवरच.

आधीच रसायन लावून सुकवलेल्या कोरड्या काचा आल्या, 1888 मध्ये कोडॅकचा रीळवाला कॅमेरा आला आणि फोटो क्षणात निघू लागला. तिवई स्टुडिओच्या कोपऱ्यात गेली. तिला पुन्हा बाहेर काढलं सिनेमानं. सुरुवातीचे सिनेमाचे कॅमेरे हातानं दांडा फिरवून चालत. एक हात सतत गरगर फिरतोय म्हटल्यावर खाली पक्का आधार हवाच. शिवाय चालत्या माणसामागं कॅमेरा वळवायचा तर झटके बसतात; म्हणून घट्ट तेलासारख्या द्रवाच्या अडवणुकीनं सावकाश वळणारी डोकी, म्हणजे तिवईवर कॅमेरा बसतो तो वरचा भाग, निघाली. 'फ्लुइड हेड' म्हणतात ते हेच. स्वस्त ट्रायपॉडवर हा शब्द लिहिलेला असला तरी आत पुष्कळदा नुसतं ग्रीस असतं, हे वळवून पाहिल्याशिवाय कळत नाही.

एक गोष्ट मात्र या सगळ्या बदलांत टिकली: कॅमेऱ्याच्या बुडाचा स्क्रू. पाव इंची, इंचाला 20 आटे. आपल्या हार्डवेअरवाल्याच्या भाषेत दोन सुती; सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मोठ्या कॅमेऱ्यांना तीन सुती. जुन्या ट्रायपॉडवर आजचा कॅमेरा बसतो तो या मापामुळं. मोबाइलला मात्र हे भोकच नसतं, म्हणून वर वेगळा चिमटा लागतो.

2016 मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि घराघरांतून व्हिडिओ निघू लागले. फोन मंदही नाही, जडही नाही. मग ट्रायपॉड कशाला? कारण आता धरणारा माणूस नाही. शाळेत गेलेला नातू दुपारी मावशीचा कॅमेरामन होऊ शकत नाही. म्हणजे जुनी तिवई कॅमेऱ्याचं वैगुण्य झाकायची, आजची माणसाची उणीव भरते. घेताना तेच बघावं. उंची किती, यापेक्षा तुम्ही बसता कुठं? मावशी जमिनीवर बसून थापते, तिला सहा फुटी ट्रायपॉड नको, पाय पसरून खाली बसणारा हवा.

मी आधी नेलेला टेबलावरचा छोटा ट्रायपॉड याच कारणानं फसला. डब्यावर वजन पेलण्याचा आकडा झोकात छापलेला. पण वरून परात दाखवायला फोन पुढं झुकवला की भार मधल्या दांडीबाहेर जातो. डोकं हळूहळू मान टाकत गेलं आणि फोन थेट ज्वारीच्या पिठात. दुसऱ्या खेपेला रुंद पायांचा आणला. एक पाय फोनच्या दिशेला ठेवला, सगळ्यात बारीक नळ्या आतच राहू दिल्या, मधली दांडी वर काढली नाही आणि तिच्या खालच्या हुकाला दोन किलो साखरेची पिशवी अडकवली.

तरी चित्र थरथरत होतं. ते खिडकीतल्या कूलरमुळं. पत्र्याची धडधड फरशीतून पायांत येत होती. मे महिन्यात, पेटलेल्या गॅससमोर कूलर बंद. तीन धपाटे झाल्यावर मावशीनं पदरानं तोंड पुसलं आणि उरलेलं शूटिंग पहाटे पाचला ठेवलं.