गिटारचे लाकूड : नागपूर परिसर

हाताने घडवायच्या अकूस्टिक गिटारसाठी लाकूड कसे पारखतात आणि त्या दृष्टीने नागपूर व विदर्भातील लाकडे कितपत उपयोगी आहेत, याविषयीची ही नोंद. गिटारच्या भागांना मराठीत सर्वमान्य नावे नाहीत. म्हणून येथे सतार घडवणाऱ्यांचे शब्द घेतले आहेत. वरची पातळ नादफळी ती तबली, मान ती दांडी, तबलीवर तारा पेलते ती घोडी. धातूचे पडदे ज्या पट्टीत ठोकतात तिला पडदेपट्टी म्हटले आहे. तळाची फळी आणि बाजूच्या वाकवलेल्या फळ्या मिळून अंग होते.

तबली : पोलादी तारांच्या गिटारमध्ये सहा तारांचा एकत्रित ताण ७० ते ७५ किग्रॅ. भरतो. तो अडीच ते तीन मिमी. जाडीच्या फळीने पेलायचा असतो आणि तारेच्या लहानशा हालचालीने त्याच फळीने थरारायचेही असते. म्हणजे लाकूड ताठ हवे आणि हलकेही हवे. ही जोडी सूचिपर्णी वृक्षांत, विशेषतः स्प्रूसमध्ये, सर्वांत चांगली जमते. अलास्कापासून उत्तर कॅलिफोर्नियापर्यंतच्या किनाऱ्यावरचा सिटका स्प्रूस, आल्प्स व कार्पेथियन पर्वतांतील युरोपीय स्प्रूस आणि वेस्टर्न रेड सीडर हे रुळलेले पर्याय. यांतील शेवटचा नावाने सीडर असला तरी देवदाराच्या कुळातला नाही.

लाकडाच्या लवचिकता गुणांकाला घनतेच्या घनाने भागून वर्गमूळ काढले की ते आवाज हवेत किती सहज सोडते याचा अंदाज येतो. नेहमीच्या एककांत स्प्रूससाठी हा आकडा १२ च्या आसपास येतो, शिवण या स्थानिक वृक्षाच्या लाकडासाठी ८ ते ९, सागासाठी ६ ते ७ आणि शिसवासाठी ४ ते ५. ‘तबली सागाची का नको?’ असे नागपुरात कोणीही पहिल्यांदा विचारतो, त्याचे उत्तर यातच आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाला, विशेषतः आलापल्लीच्या मालाला, देशभर मान आहे. अयोध्येतील राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये साग येथूनच गेला. पण दारासाठी जे गुण ते तबलीसाठी अवगुण ठरतात. सागाची तबली स्प्रूसच्या जाडीची ठेवली तर जड होते आणि वजनासाठी रंदून पातळ केली तर ताणाखाली पोट काढते. हिमालयातील राई, म्हणजे पिसिया स्मिथियाना, हा खरा स्प्रूसच आहे. मात्र बिनगाठीच्या, सरळ रेषांच्या रुंद फळ्या त्यातून क्वचितच हाती लागतात. त्यामुळे नागपूरच्या कारागिराला तबलीची जोडी बाहेरूनच मागवावी लागते.

जोडी म्हणण्याचे कारण असे की एकच फळी मधोमध चिरून पुस्तकासारखी उघडतात आणि दोन्ही पाने मध्यरेषेवर चिकटवतात, म्हणजे रेषा दोन्हीकडे सारख्या उतरतात. फळी अरीय चिरकामाची हवी, म्हणजे तिच्या टोकाकडून पाहिल्यास वार्षिक वलये पृष्ठाला काटकोनात उभी दिसली पाहिजेत. वलयांची दाटी पाहून भाव ठरवण्याची रीत आहे. ती बरीचशी डोळ्यांची आवड दिसते. तंतू फळीच्या पृष्ठाला समांतर धावतात की तिरपे बाहेर पडतात, याला अधिक महत्त्व द्यावे. ते ओळखण्यासाठी कडेचा तुकडा करवतीने न कापता फाडून पाहतात, कारण फाडताना लाकूड तंतूंच्या वाटेनेच जाते. फळी दोन बोटांत लोंबकळत धरून टिचकी मारण्याची पद्धत माठ घेतानाच्या टिचकीसारखीच. नाद बद्द आला तर फळी बाजूला पडते.

शिसव, शिसू आणि शिंशपा : अंगासाठी जगभर ज्याची मागणी आहे ते भारतीय लाकूड म्हणजे शिसव, डाल्बर्जिया लॅटिफोलिया. गिटारकार पूर्वी ब्राझीलची डाल्बर्जिया निग्रा वापरीत. ब्राझीलने न चिरलेल्या ओंडक्यांच्या निर्यातीला आळा घातल्यावर मार्टिन या अमेरिकी कंपनीने १९६९ मध्ये भारतीय शिसव नियमित उत्पादनात घेतले आणि इतरांनीही तीच वाट धरली. जगाच्या बाजारातील माल मुख्यतः केरळ-कर्नाटकचा, परंतु विदर्भातील मिश्र पानझडी जंगलांतही हा वृक्ष आढळतो.

लाकूड घेणाऱ्याची खरी अडचण नावाची आहे. मराठीतला शिसव आणि उत्तरेकडचा शिसू, म्हणजे डाल्बर्जिया सिस्सू, या एकाच प्रजातीतल्या दोन वेगळ्या जाती आहेत. बाजारात मात्र दोहोंना सर्रास ‘शीशम’ म्हणतात. हा घोळ जुना आहे. दोन्ही नावे संस्कृत शिंशपा या शब्दापर्यंत नेली जातात (प्राकृत सीसवा, पाली सिंसपा), पण शिंशपा म्हणजे नेमका कोणता वृक्ष याबद्दल मतभेद आहेत. ऋग्वेदातील एका ऋचेत (३·५३·१९) गाड्याच्या मजबुतीच्या संदर्भात खदिर आणि शिंशपा शेजारी येतात. त्यावरून काळ्या, टणक मध्यकाष्ठाचा (खोडाच्या आतल्या गाभ्याचा) शिसवच अभिप्रेत असावा असे काहींनी सुचवले आहे. बौद्ध वाङ्मयात कोसंबीच्या सिंसपावनात बुद्धाने मूठभर पाने हाती घेतल्याची कथा आहे. रामायणात सीता अशोकवनिकेत ज्याखाली बसते तो वृक्षही शिंशपाच, आणि वनाच्या नावामुळे काही जण त्याला अशोक मानतात. अशोकाचे मत वनाच्या नावापलीकडे कशावर टिकत नाही. उरलेल्या दोहोंपैकी वैदिक आणि पाली उल्लेखांना शिसू अधिक जुळतो, कारण तो हिमालयाच्या पायथ्याचा आणि उत्तरेतील नदीकाठच्या गाळाचा वृक्ष आहे आणि गाडेही त्याचे उत्तम होतात. शब्द दक्षिणेकडे सरकला तेव्हा तो तेथल्या भाऊबंदाला, म्हणजे लॅटिफोलियाला, चिकटला असावा. हे स्थलांतर केव्हा झाले ते सांगणे अवघड असले, तरी मराठीत ‘शिसवी’ हा शब्द काळ्याभोर रंगासाठी रूढ होण्यापूर्वी ते झालेले असणार. सोनेरी-तपकिरी शिसूवरून तो अर्थ निघाला नसता.

प्रत्यक्षात ओळख अशी : शिसवाचे मध्यकाष्ठ जांभळट तपकिरी, काळ्या रेघांचे, ताज्या कापाला गुलाबासारखा मंद वास येतो. शिसूचा रंग पिवळसर तपकिरी आणि तंतू पुष्कळदा एकमेकांत गुंतलेले, त्यामुळे दोन मिमी.ची बाजूची फळी गरम नळीवर वाकवताना पीळ खाते. शिसूच्या फिकट रसकाष्ठाला, म्हणजे सालीलगतच्या लाकडाला, घुणाचाही त्रास असतो. शिसूच्या गिटारी वाईट होतात असे नाही. मात्र शिसूची फळी शिसवाच्या भावाने घेऊ नये.

अंगाचे लाकूड आवाजात किती फरक पाडते हा स्वतंत्र वाद आहे. स्पॅनिश कारागीर आंतोनियो दे तोरेस याने १८६२ मध्ये तळ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या केलेली गिटार घडवली. ती बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. लँकेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत केवळ अंगाच्या लाकडात भिन्न अशा सहा गिटारी ५२ वादकांना अंधूक उजेडात, वेल्डरचे काळे चष्मे लावून वाजवायला दिल्या. स्वस्त-महाग लाकडांच्या गुणांकनात फरक नगण्य निघाला. कारागीर सहसा हे मानत नाहीत, आणि सहा गिटारींवरून शेवटचा शब्द लिहिला जात नाही हेही खरे. तरीसुद्धा दुर्मीळ लाकडावर पैसा घालण्याआधी तबलीवर घालावा, इतके या दोन्ही पुराव्यांतून निघते.

इतर स्थानिक लाकडे : ऐन हा वृक्ष अंगासाठी देखणा, लहरी रेघांचा, पण जड आणि वाळताना तडकणारा. बिबळा, ज्याला विदर्भात बिजा म्हणतात, तो पदौकच्या प्रजातीतला. नाद चांगला, फक्त ओला हात लागला की पिवळा डाग उतरतो. सागाचे अंग करता येते. त्याच्या तेलकटपणामुळे सांधा धरत नाही अशी तक्रार असते. चिकटवण्याच्या अगदी आधी पृष्ठ ताजे रंदून घेतले की ती बरीच मिटते. सागातील वालुकेने पटाशीची धार मात्र लवकर जाते.

दांडीला जगभर महोगनी वापरतात. तिच्याच कुळातील तूण सतारकारांच्या परिचयाचा आहे आणि दांडीला योग्य. शिवण हलकी आणि वाळल्यावर फारशी न हलणारी असल्याने तिचा विचार याहून अधिक व्हायला हवा. दांडीत मात्र लोखंडी सळई घालावी. पडदेपट्टी आणि घोडी शिसवाची चालते. अबनूसऐवजी तेंदूचा काळा गाभा सुचवला जातो. तेंदू म्हणजे ज्याच्या पानांवर भंडारा-गोंदियाचा विडीधंदा उभा आहे तोच वृक्ष. त्याचा काळा भाग बहुधा लहान आणि वेडावाकडा असतो. घोडीपुरता तुकडा निघतो, पडदेपट्टीची लांबी क्वचित.

नागपूरची हवा : जातीची निवड कितीही नेमकी असली तरी नागपुरात ती हवेपुढे दुय्यम ठरते. मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सियसच्या आसपास पोचतो आणि दुपारची सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांखाली जाते; ऑगस्टमध्ये ती ८० टक्क्यांवर असते. तशी दुपार टिकून राहिली तर लाकडातील ओलावा ४ ते ५ टक्क्यांवर उतरेल, पावसाळ्यात तो १५ च्या पुढे जाईल. ओलावा एका टक्क्याने उतरला की ४०० मिमी. रुंदीची स्प्रूसची तबली सुमारे अर्धा मिमी. आक्रसते. पावसाळ्यात १३ टक्क्यांवर चिकटवलेली तबली उन्हाळ्यात ६ वर आली तर साडेतीन मिमी.ची ओढ बसते, आणि आतून आडव्या चिकटवलेल्या पट्ट्या लांबीच्या दिशेने आक्रसत नसल्याने तबली चिरते. यासाठी तबली आणि तळ यांचे चिकटकाम कोरड्या महिन्यांत, साधारणपणे फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकावे. फुगण्याने गिटारचा आवाज दबतो आणि तारा उंच होतात, पण आक्रसण्याने ती फुटते. दोहोंतला पहिला तोटा पत्करण्याजोगा.

यात घरोघरीच्या कूलरचा हिशेब धरला जात नाही. वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ताट्यांतून आलेली हवा खोलीला पावसाळ्याइतकी दमट करते. त्या खोलीतून काढलेली गिटार भर दुपारी उन्हात उभ्या गाडीत ठेवली, तर दोन ऋतूंचे अंतर ती एका तासात पार करते. कारागिराने लाकूड या फरकासाठी निवडावे : अरीय चिरकामाची फळी रुंदीला आक्रसते, ती साध्या चिरकामाच्या, म्हणजे वलये पृष्ठाला साधारण समांतर असलेल्या, फळीच्या जवळजवळ निम्मी. म्हणून तबलीप्रमाणे तळालाही शक्य तेथे अरीय फळीच घ्यावी, नक्षीदार आडव्या रेषांचा मोह टाळावा.

लाकूड मिळवणे आणि मुरवणे : लकडगंज हा नागपूरचा जुना लाकूडबाजार. तेथील आरामशिनी दारे-खिडक्यांच्या मापाने चिरतात, आणि अरीय चिरकाम सांगून करून घ्यावे लागते, कारण त्यात नासाडी अधिक. महाल भागातील पाडलेल्या जुन्या वाड्यांचे सागवान पुष्कळांना पसंत पडते; ते अनेक दशके वाळलेले असते. त्यात मोडके खिळे दडलेले असतात, तेव्हा चिरण्याआधी चुंबक फिरवून घ्यावा. नवी फळी मात्र टोकांना मेण किंवा रंग लावून, पट्ट्यांवर रचून, सावलीत किमान एक पूर्ण उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा ठेवावी. वजन आठवड्याला टिपत जावे. ते स्थिरावेपर्यंत रंदा लावू नये.

कायदा : जंगलातून निघालेल्या लाकडासाठी १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखालील वाहतूक परवाना लागतो, आणि खाजगी जमिनीवरील तोडीलाही अनेक जातींसाठी परवानगी घ्यावी लागते. वनविकास महामंडळाचे मुख्यालय नागपुरातच आहे. आगारांच्या लिलावात घेतलेल्या मालाची पावती जपून ठेवावी. धोक्यातील प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटिस करारानुसार ब्राझीलची डाल्बर्जिया निग्रा १९९२ पासून परिशिष्ट १ मध्ये आहे. शिसव आणि शिसू यांसह उरलेली सगळी प्रजाती जानेवारी २०१७ मध्ये परिशिष्ट २ मध्ये आली. परदेशी गिटार पाठवणाऱ्या वादक-कारागिरांची त्यात मोठी अडचण झाली, आणि नोव्हेंबर २०१९ पासून परिशिष्ट २ मधील तयार वाद्ये व त्यांचे तयार भाग वगळण्यात आले. कच्ची फळी परदेशी पाठवायची असेल तर ही सूट लागू होत नाही.