राखेतून आलेला हिरवा ग्लास

आमच्या शेजारच्या काकूंकडे मागे व्हॉट्सअॅपवर एक कृती आली. नाव ‘अल्कलाइन ग्रीन स्मूदी’, आणि साहित्यात पहिलाच शब्द ‘केल’. काकूंना वाटलं, लिहिणाऱ्याची मात्रा-अनुस्वाराची घाई झाली असणार, केळंच म्हणायचं असेल. त्यांनी दोन केळी सोलून टाकली. मग अर्धी जुडी पालक, मूठभर सांबार (नागपूरबाहेरच्यांनी कोथिंबीर वाचावं), चमचाभर भाजलेला जवस, अर्धं लिंबू. मिक्सर फिरवून वर फेस आलेला पेला त्या आमच्याकडे घेऊन आल्या. “पिऊन तर पाहा जी, रक्त अल्कलाइन होते म्हणतात.”

चव छान होती. केल म्हणजे कोबीच्या कुळातली एक परदेशी पालेभाजी. ती नसल्याने पेल्याचं काही बिघडलं नाही. पण ‘रक्त अल्कलाइन होते’ हे वाक्य काकूंच्या ओट्यापर्यंत कुठून चालत आलं, याचा माग काढावासा वाटला. तो निघाला थेट राखेत.

‘अल्कली’ हा शब्दच मुळात राखेचा. अरबीत ‘अल-कली’ म्हणजे खाऱ्या जमिनीतली झुडपं जाळून उरलेली राख. ती पाण्यात कालवली की पाणी बुळबुळीत होतं, तेलकटपणा कापतं. चुलीतल्या राखेने भांडी घासणाऱ्या आपल्या आज्यांना हे रसायनशास्त्र न शिकता ठाऊक होतं, आणि पापडखार वापरणाऱ्यांना आजही आहे. शाळेच्या पुस्तकात आपण याला ‘आम्लारी’ म्हटलं, म्हणजे आम्लाचा अरी, शत्रू. लिटमसचा कागद निळा झाला की मार्क मिळायचे. हे सगळं मोजायचं पीएचचं माप (सातच्या खाली आम्ल, सातच्या वर आम्लारी) आणलं १९०९ साली सोरेन्सन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत. ती प्रयोगशाळा बिअर कारखान्याची होती. आरोग्यवाल्यांचं सगळ्यात लाडकं माप दारूच्या भट्टीशेजारी जन्मलं, हे मला अजून गमतीचं वाटतं.

अन्नाचा आणि आम्लाचा संबंध त्याआधीच कुणाच्या तरी लक्षात आला होता. १९व्या शतकाच्या मध्यावर फ्रान्समध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांच्या प्रयोगशाळेत बाजारातून ससे आणले गेले. गवत खाणाऱ्या सशाची लघवी गढूळ आणि आम्लारीधर्मी असते, पण या सशांची स्वच्छ आणि आम्लधर्मी निघाली, अगदी मांसाहारी प्राण्यासारखी. बर्नार यांनी ताडलं की ससे उपाशी आहेत, म्हणजे स्वतःच्याच अंगावरचं मांस जाळून जगताहेत. गवत दिलं, लघवी पुन्हा गढूळ झाली. उपाशी ठेवून उकडलेलं मांस चारलं, पुन्हा स्वच्छ. इतका देखणा प्रयोग क्वचितच सापडतो. मात्र त्यात बदलली ती लघवी, रक्त नव्हे. पुढची शंभर वर्षं लोक नेमकं हेच विसरत राहिले.

१९१२ मध्ये अमेरिकेत शेरमन आणि गेटलर यांनी एकेक अन्नपदार्थ जाळून त्याच्या राखेतली खनिजं मोजली. मांस, अंडी, धान्यं यांच्या राखेत गंधक, स्फुरद, क्लोरीन जास्त, म्हणून ते ‘आम्लकारी’. भाज्या-फळांच्या राखेत पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम जास्त, म्हणून ते ‘आम्लारीकारी’. अन्न शरीरात जळतं, तर मागे उरणारं भट्टीतल्या राखेसारखंच असणार, असा हिशेब. ढोबळ आहे, पण लघवीपुरता बराच जमतो. १९२०-३०च्या दशकांत विल्यम हॉवर्ड हे (Hay) या अमेरिकन डॉक्टरने त्यावर अख्खी आहारपद्धती उभी केली: अंगात आम्ल साचतं आणि रोग त्यातून होतात. इथे मोजमाप संपून श्रद्धा सुरू झाली.

राखेचा हिशेब कळला की संत्र्याचं कोडंही सुटतं. रघुजीराजे भोसले दुसरे यांनी १८व्या शतकाच्या शेवटी औरंगाबादहून आणलेलं हे झाड आज नागपूरची ओळख आहे, २०१४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण संत्रं आंबट, लिंबू त्याहून आंबट, रसाचा पीएच दोन-अडीच. मग ही ‘अल्कलाइन’ यादीत कशी? कारण लिंबातलं सायट्रिक आम्ल शरीरात जळून जातं, आणि त्याच्यासोबत आलेल्या पोटॅशियमच्या बरोबरीने मागे बायकार्बोनेट उरतं. जिभेला आंबट, हिशेबाला आम्लारी. १९९५ मध्ये जर्मनीच्या रेमर आणि मान्झ यांनी हे सूत्रात बसवलं, प्रत्येक पदार्थाचा मूत्रपिंडावर पडणारा आम्लभार आकड्यात दिला; उणे म्हणजे आम्लारीकडे, अधिक म्हणजे आम्लाकडे. १०० ग्रॅम पालकाला उणे १४, संत्र्याला उणे २.७, तर पार्मेझान चीजला अधिक ३४.२. काकूंच्या पेल्याचा आकडा उणेच येईल, तेवढं खरं.

पण रक्त? निरोगी माणसाचं रक्त पीएच ७.३५ ते ७.४५ च्या चिंचोळ्या पट्ट्यात असतं, आणि शरीर ते तिथून हलू देत नाही. आम्ल वाढलं की रक्तातलं बायकार्बोनेट ते झेलतं, फुप्फुसं श्वास वाढवून कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात, मूत्रपिंडं उरलेलं लघवीतून काढतात. पेल्यातला पालक तर आधी जठरात उतरतो, जिथे पीएच दीड ते साडेतीन असतो. रक्ताचा पीएच ६.८ च्या खाली किंवा ७.८ च्या वर गेला तर माणूस वाचणं कठीण. म्हणजे स्मूदीने रक्ताचा पीएच खरोखर हलला असता, तर ती औषधाच्या दुकानात कुलपाआड ठेवावी लागली असती.

वैद्यकातही या विचाराचा एक गंभीर धागा होता. १९६८ मध्ये वॅकमन आणि बर्नस्टाइन यांनी शंका मांडली की आम्लकारी आहार झेलताना शरीर हाडांतलं कॅल्शियम वापरत असावं. त्यावर दशकानुदशकं काम झालं. २००९ मध्ये कॅनडाच्या टॅनिस फेंटन आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध प्रयोग एकत्र तपासले, हाडांची झीज त्यातून सिद्ध झाली नाही. बाजार मात्र थांबला नव्हता. कॅलिफोर्नियात रॉबर्ट यंग ‘अल्कलाइन’ उपचारांचे गुरू झाले होते, डॉक्टर नसताना. २०१६ मध्ये विनापरवाना वैद्यक व्यवसाय केल्याबद्दल त्यांना दोषी ठरवलं गेलं, आणि २०१८ मध्ये एका कर्करुग्ण महिलेच्या दाव्यात ज्युरीने त्यांना १० कोटी ५० लाख डॉलर भरायला सांगितले. व्हॉट्सअॅपवरच्या कृतीत हा भाग नसतो.

मग नागपुरात ही कल्पना इतक्या सहज का रुजली? माझ्या मते एका शब्दामुळे: ‘ॲसिडिटी’. रात्री सावजी मटण, तर्रीचे दोन घोट जास्त, आणि सकाळी छातीत जळजळ. याला आपण ॲसिडिटी म्हणतो. जठरातलं आम्ल अन्ननलिकेत वर चढतं, एवढाच त्याचा अर्थ. पण ज्याला रोज ‘ॲसिडिटी’ होते त्याला कुणी सांगितलं की ‘तुमच्या अंगात ॲसिड झालंय’, तर तो लगेच मान डोलावणार. आम्लपित्ताला आयुर्वेदात जुनी जागा आहेच. नव्या कल्पनेला नवं घर बांधावं लागलं नाही, तयार खोली मिळाली. गंमत म्हणजे स्मूदीत लिंबू जास्त पडलं तर याच लोकांची जळजळ वाढते.

पाल्याचा धागा मात्र वेगळा आहे, आणि तो इथूनच जातो. नागपूरपासून सुमारे ७५ किलोमीटरवर वर्धा. १९३५ च्या सुरुवातीला गांधीजी तिथे होते, ग्रामोद्योगाचं काम नुकतं सुरू झालेलं. त्या फेब्रुवारीत ‘हरिजन’मध्ये त्यांनी हिरव्या पानांवर लिहिलं. पाच एक महिने ते न शिजवलेल्या अन्नावर राहत होते, आणि मूठभर पाल्यासाठी वर्ध्याच्या बाजारावर अवलंबून राहावं लागतं हेच त्यांना खटकत होतं. मग आश्रमातल्या एका सहकाऱ्याने गवतात आपोआप उगवलेली लूनी आणून दिली. ती मानवली. आणखी एके दिवशी चाकवत आला. तोही मानवला. लूनी म्हणजे आपली घोळ. उन्हाळ्यात बाजारात दिसणारी बारीक पानांची चिवळ तिचीच बहीण. खेड्यातल्या जेवणात जीवनसत्त्वं कमी पडतात आणि ती बांधावर फुकट मिळतात, हे त्यांचं म्हणणं. पीएचचा उल्लेख नाही, रक्त बदलण्याचा दावा नाही. आजच्या पेल्यातलं जे खरं आहे, ते नव्वद वर्षांपूर्वी वर्ध्यात मांडून झालं होतं, फक्त मिक्सर नव्हता.

मिक्सर इथे नंतर आला. अमेरिकेत पोप्लॉव्स्कीचा ब्लेंडर १९२२ चा, तिथल्या माल्टेड दुधासाठी. आपल्याकडे १९६०च्या दशकात मुंबईत एका गृहिणीचा जर्मन ब्लेंडर भारतीय वाटणाने जळला, आणि तिचे इंजिनिअर पती सत्यप्रकाश माथुर यांनी इथल्या डाळ-मसाल्याला पुरणारी मोटर बनवली. त्यातून ‘सुमीत’ आला. चटणीसाठी बनलेलं हेच यंत्र आज पालक फिरवतं. पेय म्हणून पाल्याला मान मिळवून दिला परदेशातल्या दोन बायकांनी: लिथुआनियात जन्मलेल्या ॲन विगमोर यांनी बोस्टनमध्ये गव्हांकुराचा रस लोकप्रिय केला, आणि रशियातून अमेरिकेत गेलेल्या व्हिक्टोरिया बुटेंको यांनी २००४ च्या सुमारास फळं-पाला एकत्र फिरवून ‘ग्रीन स्मूदी’ रूढ केली. बुटेंकोंचं तर्कट चिंपांझीच्या आहारावरून निघालं होतं. चिंपांझी दिवसभर चावत बसतो, हे त्यांनी मिक्सरवर सोपवलं.

आता पहाटे चालायला गेलं की बागेबाहेर रसवाले असतातच. स्टीलच्या किटल्या, वर ओला कपडा, गव्हांकुर, आवळा, कारलं, दुधी. “घ्या ना जी, आत्ताच काढला.” दुधीबद्दल मात्र एक गोष्ट जपून ठेवावी. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीचा रस प्यायल्यावर मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने बजावलं: आधी तुकडा चाखा, कडू लागला तर रस काढूच नका. कडवटपणा क्युकर्बिटॅसिन या विषारी द्रव्याचा असतो. चार रस एकत्र केले की तो कळत नाही, हा खरा धोका.

पालकाची भानगड वेगळी, ती ऑक्झलेटची, म्हणजे कॅल्शियमशी जुळून खडे करणाऱ्या द्रव्याची. २०१८ मध्ये अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात ६५ वर्षांच्या एका बाईंची नोंद छापली गेली. त्यांनी हिरव्या स्मूदीवर ‘शुद्धीकरण’ केलं आणि ऑक्झलेटचे स्फटिक साचून मूत्रपिंडं निकामी झाली. त्यांची आधी पोटाची शस्त्रक्रिया झालेली होती, प्रतिजैविकंही घेतलेली, म्हणजे प्रत्येकाचं असं होणार नाही. पण नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ वर, घामाने लघवी घट्ट, आणि रोज कच्च्या पालकाची अख्खी जुडी, ही जोडी खड्यांचा त्रास असलेल्याने टाळलेली बरी. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पोटॅशियमचंही बघावं लागतं. आपल्या जुन्या स्वयंपाकात पालक शिजायचा, डाळीबरोबर पातळभाजीत जायचा, वर दही नाहीतर ताक असायचं. पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिलं तर ऑक्झलेट थोडं निघून जातं, दह्यातलं कॅल्शियम त्याला आतड्यातच धरून ठेवतं. हे कुणी मोजून ठरवलं नव्हतं, पण चालत होतं.

काकूंच्या यजमानांनी मधे पीएचच्या पट्ट्या मागवल्या. आठवडाभर लघवी तपासून वहीत आकडे टिपले: सहा, साडेसहा, सात. रविवारी सावजी झालं, सोमवारी साडेपाच. काकांना ते अपयश वाटलं. मी त्यांना बर्नारच्या सशांची गोष्ट सांगितली. पट्टी एवढंच सांगते आहे की तुमची मूत्रपिंडं कामावर आहेत. काका हसले, पण वही चालू ठेवली.

यंदा मृगाच्या पहिल्या पावसानंतर काकू बुधवारी बाजारातून घोळ आणि कोवळा तरोटा घेऊन आल्या. मिक्सरला लावायचा म्हणून विकणाऱ्या मावशींना त्यांनी विचारलं, कच्चा चालेल का? मावशींनी जुडी बांधता बांधता वर पाहिलं. “मिक्सरात काहून टाकता बाई? लसणाची फोडणी द्या, भाकर खा.”