पाच बोटं पसरून घेतलेली चिठ्ठी

सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत असली की एखाद्या शाळकरी पोराला पुढे करून बरणीत हात घालायला लावतात. संध्याकाळपर्यंत गावात कुजबुज सुरू: चिठ्ठी आधीच ठरली होती! ही शंका अकराशे वर्षांपूर्वीही होती. तिचा बंदोबस्त तमिळनाडूत, कांचीपुरम जिल्ह्यातल्या उत्तिरमेरूरला, वैकुंठ पेरुमाळ मंदिराच्या भिंतींवर कोरलेला आहे. चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातले हे लेख. पहिला इ.स. ९१९ चा, दोन वर्षांत नियम सुधारून दुसरा कोरला. गावच्या समित्यांवरची माणसं सोडतीने निवडायच्या या पद्धतीचं नाव कुडवोलै, म्हणजे घड्यातलं ताडपत्र.

गावाचे वॉर्ड ३०. प्रत्येक वॉर्डातल्या पात्र माणसांची नावं चिठ्ठ्यांवर लिहायची, त्यांची जुडी बांधायची, वर वॉर्डाची वेगळी चिठ्ठी लावायची. सगळ्या जुड्या एका घड्यात. मग लहानथोरांसह पूर्ण सभा बोलवायची. त्या दिवशी गावात असलेले सगळे पुजारी आतल्या दालनात बसलेच पाहिजेत. त्यांच्यातला सर्वांत वयस्कर उभा राहून घडा सर्वांना दिसेल असा उंच धरतो. जवळ उभा असलेला मुलगा एक जुडी काढतो. तिच्यातल्या चिठ्ठ्या दुसऱ्या, रिकाम्या घड्यात टाकून हलवायच्या. त्यातली एक मुलगा मध्यस्थाला देतो. मध्यस्थाने ती पाचही बोटं पसरलेल्या तळहातावर घ्यायची आणि मोठ्याने वाचायची. मग दालनातल्या सगळ्या पुजाऱ्यांनीही वाचायची. तेव्हा कुठे नाव नोंदलं जाई. असं ३० वेळा.

प्रत्येक कलमामागे एकेक लबाडी ओळखू येते. बोटांच्या बेचक्यात चिठ्ठी दडवून बदलणं हे हातचलाखीचं पहिलं कसब. पसरलेल्या पंजाला ते जमत नाही. एकट्यानेच वाचलं तर भलतंच नाव वाचता येतं. आणि मुलाच्या हातून देव कौल देतो वगैरे काही नाही. लेखातली अट एवढीच, की आत काय आहे हे त्याला ठाऊक नसावं.

खरी करामत मात्र जुड्यांची. समजा, प्रत्येक वॉर्डाच्या १० चिठ्ठ्या आहेत आणि सगळ्या ३०० एकाच घड्यात टाकून ३० काढल्या. एखाद्या वॉर्डाचं एकही नाव न येण्याची शक्यता, म्हणजे त्याच्या दहाही चिठ्ठ्या घड्यातच राहण्याची, त्यातल्या पहिल्या चिठ्ठीपुरती २७०/३००, दुसरीपुरती २६९/२९९, असे दहा अपूर्णांक गुणले की सुमारे ३४ टक्के येते. म्हणजे ३० पैकी सरासरी १० वॉर्ड कोरडे! जुडीमुळे प्रत्येक वॉर्डाला नेमका एक माणूस मिळतो. आजचे सर्वेक्षणवाले याला स्तरित नमुना म्हणतात. यात समानता वॉर्डांची, माणसांची नव्हे: ४ चिठ्ठ्यांच्या वॉर्डात संधी २५ टक्के, २० चिठ्ठ्यांच्या वॉर्डात ५.

घडा हलवण्याचं कलमही किरकोळ समजू नका. १ डिसेंबर १९६९ ला अमेरिकेने सैन्यभरतीसाठी जन्मतारखांची सोडत काढली. एकेक तारीख घातलेल्या ३६६ कुप्या महिन्यांच्या क्रमाने खोक्यात टाकल्या होत्या, पण नीट ढवळल्या नाहीत. शेवटच्या महिन्यांच्या कुप्या वरच राहिल्या आणि आधी निघाल्या. जी तारीख आधी निघाली तिचं बोलावणं आधी; पुढे १९५ क्रमांकापर्यंत बोलावणं गेलं, त्यात डिसेंबरच्या ३१ पैकी २६ तारखा सापडल्या. अपेक्षा १६-१७ ची होती. जुडीतल्या मोजक्या चिठ्ठ्या मोकळ्या घड्यात मिसळणं त्या मानाने सोपं.

‘जगातली पहिली लोकशाही भारतात’ असे संदेश फिरवणाऱ्यांनी घड्यात कोणाची नावं जात हेही वाचावं. ही ब्राह्मणांना दान दिलेल्या गावाची सभा. नाव जायला अटी अशा: पाव वेलीहून (वेली हे जमिनीचं माप) जास्त सारा भरणारी जमीन, स्वतःच्या जागेवर घर, वय ३५ ते ७०, वेदाध्ययन. वेद आणि भाष्य शिकवू शकणाऱ्याला अर्धी जमीन चाले. कुळं, मजूर, बायका कुठेच नाहीत. सोडत निष्पक्ष असते ती घड्यात पोचलेल्यांपुरती.

निवडलेल्या ३० पैकी १२ जण वार्षिक समितीत, १२ बागांच्या, ६ तलावाच्या. मुदत ३६० दिवस, आणि मागच्या तीन वर्षांत समितीवर असलेल्याचं नाव घ्यायचं नाही. समितीवर असताना हिशोब न दिलेला माणूस तर घड्याबाहेरच, आणि त्याच्यासोबत त्याचा बाप, मुलगा, भाऊ, काका, मामा, सासरा, जावई, मेहुणा, बहिणीचा नवरा, भाचा, मावसभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊसुद्धा.