दातांवरच्या किटणातलं जेवण

इराकमधल्या शानिदार गुहेत सापडलेल्या एका निअँडरथल मानवाच्या (आपल्या जवळच्या, आता नामशेष झालेल्या मानवजातीतल्या) दातांवर किटण साचलेलं होतं. दातांचे डॉक्टर खरवडून टाकून देतात, तेच. संशोधकांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं, तेव्हा त्यात रानटी बार्लीच्या जातकुळीतल्या धान्याचे पिष्टकण, म्हणजे स्टार्चचे कण, अडकलेले दिसले. कच्चा पिष्टकण ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणाऱ्या) प्रकाशात पाहिला की त्यावर फुलीसारखी खूण उमटते. शिजताना कण फुगतो आणि ती फुली पुसट होत जाते. किटणातले काही कण शिजलेले निघाले! शेतीचा पत्ताही नव्हता, त्याच्या कितीतरी हजार वर्षं आधी कुणीतरी धान्य शिजवून खात होतं.

हे मुद्दाम सांगतेय, कारण ‘पूर्वज धान्य खात नव्हते, आपणही सोडू या’ असा सल्ला हल्ली फार ठामपणे दिला जातो. पूर्वजांच्या आहाराकडे वैद्यकाचं लक्ष वेधलं ते बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर या संशोधकांच्या १९८५ सालच्या लेखाने. आपलं शरीर अश्मयुगात घडलं, ताटातलं अन्न मात्र फार झपाट्याने बदललं आणि त्या तफावतीतून आजचे आजार वाढले, असा त्यांचा मुद्दा. तो मला आजही वजनदार वाटतो. पण पूर्वजांचं ताट एकच कधी नव्हतं. आर्क्टिकमधली माणसं सील आणि माशांवर जगली. बोलिव्हियातल्या त्सिमाने आदिवासींना सुमारे ७० टक्के ऊर्जा कर्बोदकांतून मिळते, तरी २०१७ सालच्या पाहणीत त्यांच्या हृदयाच्या धमन्या तोवर तपासलेल्या कुठल्याही समाजापेक्षा निरोगी आढळल्या. शिवाय शरीरही अश्मयुगात थांबून राहिलेलं नाही. मोठेपणी दूध पचवण्याची क्षमता गेल्या १० हजार वर्षांतच पसरली.

मग त्या जुन्या जगण्यात नेमकं काय होतं? ऑस्ट्रेलियन संशोधक केरिन ओ’डी यांचा १९८४ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मला इथे फार मोलाचा वाटतो. ऑस्ट्रेलियातले १० मधुमेही आदिवासी ७ आठवडे पुन्हा रानात राहायला गेले. एरवी मैदा, साखर, शीतपेयं आणि चरबीयुक्त मांस खाणारी ही माणसं तिथे कांगारू, मासे, रानकंद आणि मध यांवर राहिली, तेही स्वतः शोधून, शिकार करून. प्रत्येकाचं वजन सरासरी ८ किलोंनी उतरलं. उपाशीपोटीची साखर सुमारे २०९ वरून ११९ वर आली. रानात रोज जेमतेम १२०० कॅलरी पोटात जात होत्या, वर चालणं होतंच. त्यामुळे सगळं श्रेय कांगारूच्या मांसाला देता येत नाही.

मग अन्नाचा स्वतःचा वाटा किती? २०१९ साली अमेरिकेत केविन हॉल या संशोधकाने २० जणांना दोन आठवडे कारखान्यात प्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं जेवण दिलं. दोन्हींत साखर, स्निग्धांश आणि चोथा (फायबर) सारखाच ठेवलेला, खायचं मात्र पोटभर. कारखान्याच्या जेवणावर माणसं भराभर जेवली आणि दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन बसली. त्या जेवणात मुळात चोथा इतका कमी होता, की हिशेब जुळवायला तो पेयांत मिसळून द्यावा लागला.