आपत्तीनंतर अनाथ मुलांसाठी स्वयंसेवक व्हायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची प्रक्रिया

भूकंप, पूर किंवा त्सुनामीच्या बातमीत एकटं बसलेलं मूल दिसलं की जीव कासावीस होतो. सगळं सोडून तिकडे जावं, त्या लेकराला जवळ घ्यावं असं वाटतं. ही ओढ खरी असते आणि कामाचीही असते. पण त्याच गोंधळात मुलांना पळवून नेणारेही फिरत असतात, आणि तेही 'मदतीला आलोय' असंच सांगतात. तुम्ही आणि ते यांतला फरक चेहऱ्यावरून कळत नाही. तो कळावा म्हणूनच पुढची सगळी कागदपत्रं मागितली जातात.

१२ जानेवारी २०१० रोजी हैतीत मोठा भूकंप झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस दहा अमेरिकी नागरिक ३३ मुलांना बसमधून शेजारच्या डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये नेत असताना सीमेवर अडवले गेले. मुलं अनाथ आहेत, आम्ही त्यांना आसरा देणार आहोत, असं त्यांचं म्हणणं होतं. परवानगीचे कागद मात्र नव्हते. चौकशीत कळलं की यातल्या अनेक मुलांचे आईवडील जिवंत होते.

'अनाथ' हा शब्द अर्जात जपून वापरा

अर्ज भरणाऱ्यांचा पहिला गोंधळ इथेच होतो. आपत्तीनंतर एकटं सापडलेलं प्रत्येक मूल अनाथ नसतं. रेडक्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती, युनिसेफ, निर्वासितांसाठीची संयुक्त राष्ट्रांची संस्था, सेव्ह द चिल्ड्रन अशा संस्थांनी २००४ मध्ये याबाबत एकत्रित तत्त्वं ठरवली. त्यांत तीन गट वेगळे मानले आहेत. आईवडील सोबत नाहीत, पण काका, आजी असं कुणी नातेवाईक आहे, ते कुटुंबापासून ताटातूट झालेलं मूल. सांभाळणारं कुणीच मोठं माणूस सोबत नाही, ते सोबतीविना असलेलं मूल. आणि आई व वडील दोघंही मरण पावल्याची खात्री झाली आहे, तेच अनाथ. ही खात्री व्हायला महिने लागतात. युनिसेफची आकडेवारी वाचताना मात्र लक्षात ठेवा, तिथे आई किंवा वडील यांपैकी एक गमावलेलं मूलही 'अनाथ' म्हणून मोजलं जातं.

म्हणून 'मला अनाथांसाठी काम करायचं आहे' असं लिहिण्यापेक्षा 'आपत्तीग्रस्त मुलांच्या संरक्षणाच्या कामात मदत करायची आहे' असं लिहिलं तर तुम्हाला विषय समजला आहे हे अर्ज वाचणाऱ्याला लगेच कळतं.

अर्ज कुठे करायचा

थेट निवारा केंद्रात किंवा बालगृहात जाऊन 'मी आलोय' म्हणायचं नाही. मुलांची कायदेशीर जबाबदारी त्या देशाच्या बालकल्याण यंत्रणेकडे असते, आणि तिच्या परवानगीने काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्था स्वयंसेवक घेतात. अर्ज अशा संस्थेकडे करायचा. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमात नाव नोंदवायला किमान वय १८ लागतं. त्यांच्याकडे घरबसल्या करायचं ऑनलाइन स्वयंसेवेचं कामही असतं.

संस्था निवडताना तुम्हीही तिला प्रश्न विचारा. लेखी बालसंरक्षण धोरण आहे का? तक्रार कुणाकडे करायची हे मुलांना सांगितलेलं असतं का? पार्श्वभूमी न तपासता, पैसे भरले की लगेच मुलांमध्ये पाठवतात का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर तिथे अर्ज करू नका, कितीही चांगली वाटली तरी. पैसे देणारे स्वयंसेवक येत राहावेत यासाठी अशी केंद्रं भरलेली दिसावीत म्हणून गरीब घरांतली मुलं आणून ठेवल्याचे प्रकार घडले आहेत. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मुलांच्या हक्कांवरच्या ठरावात पर्यटनाचा भाग म्हणून अनाथालयांत केल्या जाणाऱ्या स्वयंसेवेच्या धोक्याचा स्पष्ट उल्लेख केला.

पात्रता

वय १८ पूर्ण हवं. थेट मुलांसोबतच्या कामासाठी बऱ्याच संस्था याहून अधिक वय आणि अनुभव मागतात. मुलांविरुद्धच्या किंवा हिंसेच्या गुन्ह्याची नोंद नसावी. शारीरिक आणि मानसिक प्रकृती ठीक हवी. इथे एक गोष्ट मनापासून सांगते. तुम्ही स्वतः नुकतंच जवळचं माणूस गमावलं असेल तर अर्जात ते लपवू नका. त्याने अर्ज बाद होतोच असं नाही, पण काम कोणतं द्यायचं हे ठरवताना त्याचा विचार होतो. तो व्हायलाच हवा.

सगळ्यांत महत्त्वाच्या दोन अटी म्हणजे भाषा आणि वेळ. मुलाची भाषा येत नसेल तर त्याचं दुःख तुम्हाला ऐकताच येणार नाही. आणि आठ-दहा दिवसांसाठी येऊन मुलांना लळा लावून निघून जाणं हे त्यांच्यासाठी आणखी एक हरवणं असतं. जी मुलं आधीच आईवडिलांना मुकली आहेत, त्यांच्या आयुष्यात दर पंधरवड्याला नवा चेहरा येऊन जाऊ नये. वेळ थोडाच असेल तर मुलांपर्यंत न जाता मागची कामं मागा: नोंदींची जुळवाजुळव, भाषांतर, साहित्याचं वाटप, हिशेब. ही कामं कमी मोलाची नाहीत. हरवलेल्या मुलाची नोंद आणि त्याला शोधणाऱ्या मावशीची नोंद जुळली की मूल घरी जातं.

कागदपत्रं

ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, परदेशी जायचं असेल तर पासपोर्ट आणि कामासाठी चालणारा व्हिसा. पर्यटक व्हिसावर स्वयंसेवा केलेली अनेक देशांत चालत नाही, हे आधीच तपासा. पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र सगळ्यांत जास्त वेळ खातं, म्हणून त्याचा अर्ज सर्वांत आधी करा. वेगवेगळ्या देशांत राहिला असाल तर तिथलंही मागितलं जातं. जुनं प्रमाणपत्र सहसा चालत नाही.

त्यासोबत दोन किंवा तीन शिफारसपत्रं. ती नातेवाइकांची चालत नाहीत. तुम्हाला मुलांसोबत काम करताना पाहिलेल्या माणसाचं पत्र सगळ्यांत वजनदार. शिवाय शिक्षणाची, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं, डॉक्टरांचा दाखला, लसीकरणाची नोंद, विमा, आणि आणीबाणीत कुणाला कळवायचं त्या व्यक्तीचा तपशील. शेवटी आचारसंहितेवर आणि बालसंरक्षण धोरणावर सही. ती वाचून करा. पुढे तुमचं वागणं त्याच कागदावर तपासलं जातं.

मुलाखत आणि प्रशिक्षण

मुलाखतीत प्रसंग देऊन प्रश्न विचारतात. एखादं मूल तुम्हाला बिलगून 'मला घरी ने' म्हणालं तर काय कराल? सहकारी एका मुलाला एकट्याला खोलीत नेताना दिसला तर? पहिल्याचं उत्तर, खोटं वचन देणार नाही. दुसऱ्याचं, लगेच जबाबदार व्यक्तीला कळवणार, सहकारी कितीही जवळचा असला तरी.

निवड झाल्यावर प्रशिक्षण असतं. त्यात मानसिक प्रथमोपचार, म्हणजे धक्क्यात असलेल्या माणसाला द्यायचा पहिला आधार, शिकवतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये प्रकाशित केलेल्या मार्गदर्शिकेत त्याची तीन पावलं आहेत: पाहा, ऐका, जोडा (म्हणजे योग्य मदतीशी आणि आपल्या माणसांशी जोडून द्या). मुलाला 'त्या दिवशी काय झालं ते सांग' असं खोदून विचारायचं नाही, हे त्यात ठासून सांगितलेलं आहे. आपण सहानुभूतीनेच विचारतो, पण त्याला तो दिवस पुन्हा जगावा लागतो.

दत्तक घेण्याचा विचार मनात असेल तर

तो या अर्जात आणू नका. स्वयंसेवक म्हणून येऊन मूल घरी नेता येत नाही. आपत्तीनंतर आधी कुटुंबाचा शोध घ्यायचा असतो, आणि २००४ च्या त्या तत्त्वांनुसार या शोधाला साधारण किमान दोन वर्षं दिली जावीत. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियाने आचे प्रांतातल्या १६ वर्षांखालील मुलांना आईवडिलांशिवाय प्रांताबाहेर नेण्यावर बंदी घातली होती. दत्तकासाठी त्या त्या देशाच्या अधिकृत दत्तक यंत्रणेकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो, आणि दोन्ही देश सदस्य असतील तर सीमेपलीकडच्या दत्तकाला त्याविषयीचा १९९३ चा आंतरराष्ट्रीय हेग करार लागू होतो.

काम सुरू झाल्यावर आणि संपताना

फोटो काढायचे नाहीत, समाजमाध्यमांवर नाव-गाव टाकायचं नाही. मुलाचा चेहरा आणि ठिकाण एकत्र बाहेर गेलं की त्याला शोधणाऱ्या चुकीच्या माणसाचंही काम सोपं होतं. मुलाने सांगितलेलं नातेवाइकाचं नाव, शाळेचं नाव, घराजवळची एखादी खूण, असलं काहीही बारीकसारीक असलं तरी नोंद करणाऱ्याकडे त्याच दिवशी द्या.

निघण्याची तारीख मुलांना आधीपासून माहीत असावी. 'उद्या येते' म्हणून जाऊ नका. ओळखपत्र, नोंदवह्या आणि मुलांची माहिती असलेला प्रत्येक कागद संस्थेकडे परत करा, फोनमधलं काही असेल तर त्यांच्यासमोर पुसून टाका, आणि त्याची पोच घ्या.